शून्याच्या अलीकडे, शून्याच्या पलीकडे

उलटी गणती शून्यावर आली की यान उडतं, हे आपण टीव्हीवर इतक्यांदा पाहिलेलं असतं की इंजिनंही शून्यालाच पेटत असणार असं धरून चालतो. तसं नसतं. अमेरिकेच्या स्पेस शटलची तीन मुख्य इंजिनं शून्याच्या 6.6 सेकंद आधी सुरू होऊ लागत. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-5 च्या पहिल्या टप्प्यात पाच इंजिनं होती. त्यांचा क्रम 8.9 सेकंद आधी सुरू होई. आपल्या जीएसएलव्हीच्या चार द्रव-इंधन बूस्टरना 4.8 सेकंद आधी आज्ञा मिळते. म्हणजे ध्वनिक्षेपकावरचा आवाज 'चार, तीन' म्हणत असतो तेव्हा खाली आग लागलेली असते आणि यान मात्र जागचं हललेलं नसतं.

मला उड्डाणापेक्षा या मधल्या सेकंदांचं अप्रूप जास्त. त्याला कारण माझी नोकरी. ती जवळजवळ सगळी औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. बाहेरच्या माणसाला वाटतं, बॉयलर पेटवायचा म्हणजे कोळसा टाकायचा आणि काडी लावायची. प्रत्यक्षात आधी धूर ओढणारा आयडी फॅन, मग हवा ढकलणारा एफडी फॅन, मग भट्टीतून पाच मिनिटं नुसती हवा फिरवायची. याला आम्ही पर्ज म्हणतो. ते पुरं झाल्याशिवाय तेलाच्या बर्नरला परवानगीच मिळत नाही. बर्नर पेटला की फ्लेम स्कॅनरने 'ज्वाला दिसते' असं सांगायला हवं. काही सेकंदांत त्याने तसं सांगितलं नाही, तर तेलाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद आणि पुन्हा पहिल्यापासून पर्ज. नव्या पोरांना हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा. भट्टीत साचलेल्या न जळलेल्या तेलाच्या वाफेला ठिणगी मिळाली तर काय होतं, हे ज्याने एकदा ऐकलं आहे त्याला वाटत नाही.

म्हणून शटलच्या इंजिनांचा क्रम पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मी अडखळलो. आमचा नियम असा की आधी हवा, मग इंधन. आणि बंद करताना आधी इंधन, हवा शेवटी. शटलच्या आरएस-25 इंजिनात नेमकं उलटं आहे. तिथे आधी हायड्रोजन सोडतात, ऑक्सिजन मागून, मोजूनमापून येतो. आणि बंद करताना ऑक्सिजन आधी तोडतात, हायड्रोजन शेवटपर्यंत वाहू देतात. कारण तिथली भीती वेगळी आहे. त्या दाबाला आणि तापमानाला ऑक्सिजन जरा जास्त झाला, तर हायड्रोजन संपल्यावर तो इंजिनाचा धातूच जाळू लागतो. त्यामुळे इंधन नेहमी थोडं जास्त ठेवायचं. पण मग हा जास्तीचा, न जळलेला हायड्रोजन नळकांड्याच्या तोंडाशी साचणार. शटलच्या चित्रफितींत शून्याच्या दहा सेकंद आधी इंजिनांखाली फुलबाज्यांसारख्या ठिणग्यांचा फवारा उडताना दिसतो तो यासाठी. त्या ठिणग्यांनी इंजिन पेटतं अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. इंजिन आतल्या आत, स्वतःच्या प्रज्वलकाने पेटतं. बाहेरच्या ठिणग्यांचं काम एकच, रेंगाळलेला वायू साचण्याआधी जाळून टाकणं. आमचा पर्ज आणि त्यांच्या ठिणग्या एकाच भीतीतून आलेल्या आहेत.

पाच सेकंदांत उणे 253 अंश सेल्सियसचा हायड्रोजन आत घेऊन तीन हजार अंशांच्या वरची आग स्थिर करायची, असा हा प्रकार. इंजिन विकसित होत असताना या पाच सेकंदांपैकी पहिली दोन सेकंदं नीट पार पडायलाच 19 चाचण्या आणि 23 आठवडे लागले होते. व्हॉल्व्ह उघडायला सेकंदाचा दहावा भाग इकडेतिकडे झाला तरी पंपाची पाती जायची. इंजिन चालवणं अवघड असेलच. पण ते चालू करणं हा स्वतंत्र, आणि माझ्या मते जास्त अवघड, विषय आहे. वीज केंद्रातही युनिट भरल्या लोडवर असलं की पाळी चहा पीत निघून जाते. घाम फुटतो तो लाइट-अपला, म्हणजे पेटवताना.

तिन्ही इंजिनं एकदम पेटवत नसत. तिसरं, मग दुसरं, मग पहिलं, प्रत्येकात 120 मिलिसेकंदांचं अंतर. डोळ्याला हे कळत नाही. पण तिघांच्या सुरुवातीचा धक्का सांगाड्याला एकाच क्षणी बसू नये एवढं काम ते अंतर करतं. सॅटर्न-5 मध्ये आधी मधलं इंजिन, मग समोरासमोरच्या जोड्या. हेतू असा की ढकल एका बाजूला जाऊ नये. शटलच्या बाबतीत ढकल एका बाजूला जायचीच, कारण मुख्य इंजिनं मध्यावर नव्हती. ती पेटली की अख्खी उभी रचना पुढे झुकायची, टोकाशी अर्ध्या मीटरहून जास्त, आणि मग मागे यायची. ती परत सरळ उभी होई नेमक्या त्या क्षणाला शून्य ठेवलेलं होतं. तेव्हा दोन्ही बाजूंचे घन-इंधन बूस्टर पेटत आणि त्यांना धरून ठेवणारे आठ बोल्ट स्फोटाने सुटत.

आता मुद्द्याची गोष्ट. द्रव इंधनाचं इंजिन बंद करता येतं. व्हॉल्व्ह मिटला की संपलं. घन इंधनाचा बूस्टर एकदा पेटला की आतलं सगळं जळून जाईपर्यंत थांबत नाही. म्हणून जे थांबवता येतं ते आधी पेटवायचं, त्याची तब्येत बघायची आणि जे थांबवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. शटलचे संगणक त्या सहा सेकंदांत तिन्ही इंजिनांचा दाब, तापमान, पंपाचा वेग तपासत राहायचे. एकही आकडा पसंत पडला नाही तर बूस्टर पेटवायची आज्ञा जायचीच नाही. हे 1984 ते 1994 या काळात पाच वेळा घडलं. पहिल्यांदा 26 जून 1984 ला, 'डिस्कव्हरी'च्या पहिल्याच उड्डाणाच्या वेळी. इंजिनं पेटू लागली आणि चार सेकंद उरले असताना संगणकाने सगळं बंद केलं. खाली हायड्रोजनची आग लागली होती आणि ती डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. आतले सहा जण बसून राहिले आणि नंतर पाण्याच्या फवाऱ्यांतून भिजत बाहेर आले. त्यातल्या स्टीव्ह हॉलीने आत बसल्याबसल्या शेरा मारला होता की, इंजिनं बंद होतील तेव्हा आपण बरेच वर पोचलेले असू असं वाटलं होतं. 'एंडेव्हर'च्या वेळी, 18 ऑगस्ट 1994 ला, तर 1.9 सेकंदच उरले होते.

ही मधली सेकंदं म्हणजे 'नाही' म्हणायची मुदत. ती मुदत कुठे संपते, हे यंत्राला कसं कळवायचं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अवकाशयुगाच्या सुरुवातीला अमेरिकेला तो दोनदा महागात पडता पडता राहिला. 21 नोव्हेंबर 1960 ला मर्क्युरी-रेडस्टोन या रिकाम्या यानाच्या तळाशी दोन तारा होत्या. यान उठताना दोन्ही ओढून निघायच्या होत्या, पण ठरलेल्या क्रमाने. त्या दिवशी सेकंदाच्या काही शतांश भागाने क्रम चुकला. इंजिनाला वाटलं की काम झालं आणि ते बंद झालं. रॉकेट चार इंच वर गेलं आणि परत खाली टेकलं. डोक्यावरच्या कुपीला वाटलं की इंजिन बंद झालं म्हणजे प्रवासाचा तो भाग संपला. संकटकाळी कुपी ओढून नेणारा मनोरा एकटाच उडाला, आणि मागोमाग पॅराशूट बाहेर पडून रॉकेटच्या अंगावर लोंबू लागली. इंधनाने भरलेलं, तारा सुटलेलं, कोणाचंच न ऐकणारं ते धूड रात्रभर तसंच उभं होतं. वाऱ्याने पॅराशूट फुगून ते आडवं होऊ नये म्हणून प्रार्थना करण्यापलीकडे फार काही करण्यासारखं नव्हतं. सकाळपर्यंत बॅटऱ्या उतरल्या, द्रव ऑक्सिजन उडून गेला, मग माणसं जवळ गेली.

दुसरा प्रसंग जेमिनी-6 चा, 12 डिसेंबर 1965 चा. या वेळी आत वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड बसलेले. टायटन रॉकेटची इंजिनं पेटली आणि सव्वा सेकंदाच्या आत बंद झाली. तळाचा एक प्लग कंपनांनी वेळेआधीच गळून पडला होता. प्लग सुटला म्हणजे यान उठलं, अशी यंत्रणेची समजूत. त्यामुळे शिराच्या समोरचं घड्याळ चालू झालं. घड्याळ म्हणत होतं, तुम्ही उडालात. नियम म्हणत होता की उडून इंजिन बंद पडलं असेल तर रॉकेट आता खाली कोसळून फुटेल, तेव्हा हातातली कडी ओढा आणि आसनासकट बाहेर फेकले जा. शिराने कडी ओढली नाही. यान उठल्याचा धक्का पाठीला जाणवला नव्हता, एवढाच त्याच्याकडे पुरावा. तो घड्याळापेक्षा पाठीवर विसंबला आणि तीन दिवसांनी, 15 डिसेंबरला, तेच यान घेऊन दोघे वर गेले. या गोष्टीला एक शेपूट आहे. तपासणीत आढळलं की प्लग पडला नसता तरी उड्डाण झालंच नसतं. एका इंजिनाच्या नळीत कारखान्यातलं धूळ अडवायचं प्लास्टिकचं झाकण कित्येक महिन्यांपासून राहून गेलं होतं आणि त्या इंजिनाचा जोर आधीच उतरायला लागला होता. कुठल्याही मोठ्या प्रकल्पावर काम केलेल्या माणसाला या झाकणाचं आश्चर्य वाटणार नाही. ओव्हरहॉल झाल्यावर पाइपांमधून काय काय निघतं, याची यादी मी इथे देत नाही.

रशियाने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. सोयुझ ज्या आर-7 रॉकेटच्या घराण्यातलं आहे ते पन्नाशीच्या दशकातलं. इंजिन हवेत, उडता उडता पेटेल याची तेव्हा मुख्य रचनाकार कोरोल्योव्हच्या मंडळींना खात्री नव्हती. मग मधला भाग आणि चारही बाजूंचे बूस्टर सगळे जमिनीवरच पेटवायचे ठरलं आणि ते आजतागायत तसंच आहे. मुख्य कक्ष 20, दिशा देणारे छोटे 12. प्रत्येकाच्या तोंडात खालून एक लाकडी दांडा खोचलेला असतो, त्यावर दारूचा प्रज्वलक आणि एक ताणलेली तार. ज्वाला झाली की तार जळून तुटते. तार तुटली की नियंत्रण कक्षाला कळतं, हा कक्ष पेटला. सगळीकडून होकार आल्यावरच मुख्य व्हॉल्व्ह उघडतात. मग जोरही पायऱ्यापायऱ्यांनी वाढवतात, प्राथमिक, मधला, मुख्य. इतक्या गुंतागुंतीच्या यंत्राच्या पोटात लाकडी दांडा आणि जळकी तार! मला हा फ्लेम स्कॅनर आमच्या काचेच्या भिंगवाल्या स्कॅनरपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. आमच्या भिंगावर काजळी धरायची. जळून तुटलेली तार मात्र पुन्हा जोडली जात नाही. राकेश शर्मा 3 एप्रिल 1984 ला बैकानूरहून अवकाशात गेले ते अशाच दांड्यांच्या आगीवर.

श्रीहरिकोट्याला आता सर्वसामान्यांसाठी गॅलरी आहे. तिथून मी पीएसएलव्हीचं एक उड्डाण पाहिलं. शेजारी शाळेची मुलं, पलीकडे एक तेलुगू कुटुंब डबे उघडून बसलेलं. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा आणि त्याला लावलेले बूस्टर सगळे घन इंधनाचे. शून्याला मधला पेटतो, 0.42 सेकंदाने समोरासमोरचे दोन, 0.62 सेकंदाला दुसरे दोन. सहा बूस्टरचं रूप असेल तर उरलेले दोन साधारण पंचविसाव्या सेकंदाला, हवेत. मी घड्याळ डोळ्यासमोर धरून हे टिपायचं ठरवलं होतं. काहीही टिपता आलं नाही. एक प्रकाश झाला, सगळे ओरडले, आणि आवाज पोचेपर्यंत यान कितीतरी वर गेलेलं होतं.

तिथे एक गोष्ट मात्र मनात पक्की झाली. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याला 'पेटवून बघू, मग ठरवू' हा पर्यायच नाही. तिथे 'नाही' म्हणायची मुदत आगीच्या आधीच संपते. त्यामुळे सगळी शंका कित्येक महिने आधी घ्यावी लागते. इंधनाच्या खंडांची क्ष-किरण तपासणी करावी लागते, जमिनीवर आडवं बांधून चाचण्या घ्याव्या लागतात, मुळात रसायन विश्वासाचं असावं लागतं. त्या रसायनावर ज्यांनी आयुष्य घातलं त्यांत पुण्याचे वसंत गोवारीकर होते. ते 1967 साली थुंब्याला गेले आणि पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. गोवारीकरांना आपण मॉन्सूनच्या भाकितासाठी लक्षात ठेवलं. घन इंधनातलं त्यांचं काम त्या मानाने मराठी वाचकापर्यंत पोचलंच नाही.

जीएसएलव्हीला ती मुदत आहे, 4.8 सेकंदांची. तिच्या चार बूस्टरमध्ये विकास इंजिन असतं. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यातही ही इंजिनं बनतात. त्याचं इंधन आणि ऑक्सिडायझर एकमेकांना नुसते भेटले की पेटतात, ठिणगी लागत नाही. पहिलंच जीएसएलव्ही 28 मार्च 2001 ला उडायचं होतं. चारही बूस्टर पेटले. चारपैकी एकाचा जोर हवा तेवढा चढला नाही. स्वयंचलित यंत्रणेने हे पाहिलं आणि मधला घन टप्पा पेटायच्या आत, साधारण सेकंदभर उरला असताना, सगळं बंद केलं. देशभर लोक टीव्हीपुढे बसलेले होते. धूर निघाला आणि यान जागेवरच.

वीज केंद्रात या प्रसंगाला ट्रिप म्हणतात आणि ट्रिप झाली की पहिला फोन वरून येतो तो 'का झालं' असा नसतो, 'परत कधी' असा असतो. मग कोणीतरी म्हणतं, सेन्सरच खोटं बोलतोय, इंटरलॉक बायपास करा. कधी कधी सेन्सर खरोखरच खोटं बोलत असतो, हीच तर पंचाईत. आमच्याकडे बायपाससाठी, म्हणजे आपोआप थांबवणारी ही अट तात्पुरती बाजूला सारण्यासाठी, जाड पुठ्ठ्याचं एक रजिस्टर होतं. कोणता इंटरलॉक, किती वाजता, कोणाच्या सांगण्यावरून, आणि शेवटी सही. सहीच्या रकान्यापाशी आल्यावर पुष्कळांचा आवेश ओसरायचा.

भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक रॉकेटच्या वेळी, 10 ऑगस्ट 1979 ला, ती सही अब्दुल कलामांना करावी लागली होती. एसएलव्ही-3 ची गणती संगणकाने थांबवली. नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. तज्ज्ञांनी हिशोब करून सांगितलं की साठा पुरेसा आहे. कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय दिला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण गेलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. ही गोष्ट त्यांनी स्वतः व्याख्यानांतून पुष्कळदा सांगितली, बहुतेक वेळा तेव्हाचे इस्रोप्रमुख सतीश धवन यांनी अपयशाची जबाबदारी कशी अंगावर घेतली हे सांगण्यासाठी. मला त्यातला संगणकाचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

पण यावरून 'यंत्र नाही म्हणालं की थांबावं' असा सरसकट नियम काढला तर तोही टिकत नाही. 29 जुलै 1985 ला 'चॅलेंजर' हे शटल उडाल्यावर पावणेसहा मिनिटांच्या सुमारास त्याचं मधलं इंजिन संगणकाने बंद केलं. तापमानाचा सेन्सर बिघडला होता. इंजिन ठणठणीत होतं. थोड्या वेळाने दुसऱ्या इंजिनाचाही तसाच सेन्सर भरकटू लागला. ते इंजिनही बंद पडलं असतं तर यानाला कक्षा गाठता आली नसती. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात इंजिनांचं काम बघणाऱ्या जेनी हॉवर्ड यांनी ओळखलं की बिघाड सेन्सरचा आहे, आणि मर्यादा ओलांडली तरी इंजिन बंद करू नये अशी आज्ञा द्यायला सांगितलं. म्हणजे इंटरलॉक बायपास. यान ठरल्यापेक्षा खालच्या का होईना, पण कक्षेत पोचलं. हेच 'चॅलेंजर' सतरा दिवस आधी, 12 जुलैला, जमिनीवर तीन सेकंद उरले असताना संगणकाने थांबवलं होतं आणि तेव्हा त्या थांबण्याबद्दल कोणाला हरकत घ्यावीशी वाटली नव्हती.

रशियाच्या एन-1 या चांद्ररॉकेटने हीच गोष्ट फार भयंकर रीतीने दाखवली. पहिल्या टप्प्यात 30 इंजिनं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी कोर्द नावाची यंत्रणा. बिघडलेलं इंजिन बंद करणं हे तिचं काम. 3 जुलै 1969 ला रॉकेट उठलं, थोडं वर गेलं आणि बिघाड सुरू होताच कोर्दने 30 पैकी 29 इंजिनं बंद करून टाकली. इंधनाने भरलेलं रॉकेट परत प्रक्षेपणतळावर कोसळलं आणि तळ नष्ट झाला. यंत्रणेने तिच्या समजुतीप्रमाणे सुरक्षिततेचंच काम केलं होतं. पुढच्या उड्डाणांत पहिली 50 सेकंदं तिला इंजिनं बंद करायची मुभाच ठेवली नाही.

शून्याच्या अलीकडे बंद होणं म्हणजे सुरक्षित होणं. शून्याच्या पलीकडे तेच बंद होणं म्हणजे पडणं. सेन्सर तोच, संगणक तोच, आकडा तोच. फक्त पायाखाली जमीन आहे की नाही एवढ्याने उत्तर उलटं होतं. मी ज्या यंत्रांवर काम केलं त्यांना हे पलीकडचं टोक नाही. आमचं युनिट ट्रिप झालं तर गावं अंधारात जातील, शिव्या बसतील, पण बॉयलर जमिनीवरच राहील. म्हणून जमिनीवरच्या यंत्रावर काम करणाऱ्याने बायपासच्या बाबतीत चॅलेंजरचं उदाहरण देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याला कायमच शून्याच्या अलीकडे राहायला मिळालेलं असतं.

28 मार्च 2001 ला थांबलेलं जीएसएलव्ही दुरुस्त होऊन 18 एप्रिलला उडालं. तीन आठवडे लागले. 21 ऑक्टोबर 2023 ला गगनयानाच्या पहिल्या चाचणीयानाची गणती पाच सेकंदांवर संगणकाने थांबवली, तेव्हा कारण शोधून त्याच दिवशी सकाळी दहा वाजता ते उडालंसुद्धा. दोन्ही वेळा यान शाबूत होतं, म्हणून दुसरी संधी होती. गगनयानाची समानव उड्डाणं पुढे व्हायची आहेत आणि त्यांतलं एखादं असं शेवटच्या सेकंदांत थांबेल, ही शक्यता धरून चालायला हवी. आत माणसं असतील, देश बघत असेल, आणि दुसऱ्या दिवशीचा मथळा लिहिणाऱ्याचा हात 'फसलं' या शब्दाकडे जाईल. त्याने कृपा करून 'थांबवलं' असं लिहावं.